व्यसनाच्या रुग्णाची पहिली तपासणी: बाह्यरुग्ण विभागात नव्याने बसणाऱ्यांसाठी

ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा समुपदेशकाकडे 'मला दारूचे व्यसन आहे, तपासा' असे म्हणत येणारा रुग्ण क्वचितच भेटतो. तो येतो पोटात जळजळ होते म्हणून, झोप लागत नाही म्हणून, हातापायांना मुंग्या येतात म्हणून, किंवा मोटारसायकलवरून पडून हात मोडला म्हणून. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि ५.२ टक्के लोकांचे पिणे घातक किंवा अवलंबित्वाच्या पातळीला गेलेले असते. याचा अर्थ पिणाऱ्या दर तिघांपैकी साधारण एकाला मदतीची गरज आहे आणि त्यातले बरेच जण वेगळ्याच तक्रारीचा केसपेपर घेऊन आपल्यासमोर बसून जातात.

पुढे दिलेला क्रम या पहिल्या भेटीसाठी आहे. त्यात निदान मुद्दाम मागे ठेवले आहे. 'हा व्यसनी आहे का' या प्रश्नाचे उत्तर आठवडाभराने मिळाले तरी फारसे बिघडत नाही. पण 'येत्या तीन दिवसांत याच्या जिवाला धोका आहे का' या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी, तो खोलीतून बाहेर जाण्यापूर्वी मिळायला हवे.

आधी जीव, मग व्यसन

तोंडाला दारूचा वास येणारा, अडखळत बोलणारा माणूस आला की 'पिऊन आलाय, उतरेपर्यंत झोपू द्या' हा शेरा फार सहज मारला जातो, आणि वॉर्डात घडणाऱ्या टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी काही या शेऱ्यामुळे घडतात. दारूचा वास एवढेच सांगतो की दारू प्यायली गेली आहे. गुंगी दारूचीच आहे हे तो सांगत नाही. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाची रक्तातील साखर ग्लुकोमीटरवर लगेच पाहावी, डोक्याला मार लागल्याच्या खुणा केसांत बोटे घालून शोधाव्यात, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या तपासाव्यात, नाडी, रक्तदाब, तापमान आणि श्वासाचा वेग नोंदवावा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या असतील आणि श्वास मंद असेल, तर ब्राउन शुगर, ट्रामाडॉल यांसारख्या अफूवर्गीय पदार्थाचा अतिडोस गृहीत धरून नॅलोक्झोन या उताऱ्याच्या औषधाची तयारी करावी. दृष्टी धूसर झाल्याची तक्रार, पोटात तीव्र वेदना आणि जोरजोरात श्वास असे चित्र दिसले, तर विषारी दारूतील मिथेनॉलचा संशय घेऊन रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे आणि त्याच्याबरोबर कोण कोण प्यायले हेही विचारून घ्यावे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. असा एक रुग्ण पुढ्यात येतो तेव्हा त्याच गुत्त्यावरचे आणखी काही जण आपापल्या घरी पडलेले असण्याची शक्यता असते.

गोंधळलेली मनःस्थिती, चालताना जाणारा तोल आणि डोळ्यांच्या हालचालीतील दोष यांपैकी काहीही दिसले तर थायमिनच्या (जीवनसत्त्व बी-१ च्या) अभावाने मेंदूवर झालेला परिणाम, म्हणजे वर्निके एन्सेफॅलोपॅथी, मनात आणावी. तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये, कारण ती एकत्र क्वचितच दिसतात. अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाईन लावण्यापूर्वी थायमिन इंजेक्शनने द्यावे. साखर खरोखरच कमी असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज थांबवून न ठेवता दोन्ही एकत्र द्यावीत.

यानंतरचा आणि माझ्या मते संपूर्ण मुलाखतीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: शेवटची कधी घेतली? उत्तर 'काल' असे न लिहिता तास लिहावेत. नियमित पिणाऱ्याने दारू थांबवल्यावर साधारण सहा तासांनंतर हातांना कंप, घाम, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत असतो. आणि डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, नसलेले दिसणे, ताप, नाडी धावणे ही जीवघेणी अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते. मांडीचे हाड मोडल्यामुळे अस्थिरोग विभागात दाखल झालेला, पहिल्या दिवशी शहाण्यासारखा बोलणारा शेतमजूर तिसऱ्या रात्री सलाईन उपसून 'बैल सुटलेत' म्हणत पळू लागतो, ते याच हिशेबाने. त्यामुळे शेवटच्या पेयाची वेळ हा प्रश्न व्यसनमुक्तीच्या खोलीपुरता न ठेवता दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला विचारावा.

जागा, सोबतचे लोक आणि भीती

जीवाचा धोका नाही हे ठरल्यावर रुग्णाला एकट्याला बसवावे. पडदा ओढलेला कोपरा चालतो, पण पत्नी, मेव्हणा आणि गावचा पोलीस पाटील अशा तिघांच्या देखत मिळालेले उत्तर तपासणीच्या कामाचे नसते. नातेवाइकांना बाहेर बसवताना 'तुमच्याशीही मी स्वतंत्र बोलणार आहे' असे सांगावे, म्हणजे त्यांना डावलल्यासारखे वाटत नाही.

रुग्णाच्या मनात पोलिसांची भीती असू शकते, हे शहरातून आलेल्या डॉक्टरांच्या चटकन ध्यानात येत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. अशा जिल्ह्यात 'दारू पिता का' याचे प्रामाणिक उत्तर देणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, अशी रुग्णाची समजूत असते. गांजा, ब्राउन शुगर किंवा एमडी (मेफेड्रोन) घेणाऱ्याच्या बाबतीत ही भीती सगळीकडेच असते. म्हणून सुरुवातीलाच सांगावे की ही माहिती उपचारासाठी आहे आणि ती पोलिसांना कळवली जात नाही. हे केवळ धीर देण्यासाठी बोलायचे नाही: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था 'मानसिक आजारा'च्या व्याख्येत घेतल्या आहेत, त्यामुळे गोपनीयतेचा हक्क या रुग्णालाही मिळतो. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवन किंवा अल्प प्रमाणातील साठा एवढाच आरोप असलेला व्यसनी रुग्ण मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. अपघाताचे किंवा मारहाणीचे पोलीस प्रकरण असेल, तर त्यासाठीचा रक्तनमुना आणि उपचाराची मुलाखत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही स्पष्ट करावे; त्या बाबतीत खोटे आश्वासन देऊ नये.

किती, हे मोजावे कसे

विचारण्याचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे ठेवावा: चहा, तंबाखू, मग दारू, मग इतर. विदर्भात 'खर्रा किती लागतो दिवसाला?' हा प्रश्न कोणालाच बोचत नाही, आणि तंबाखूचे खरे उत्तर देऊन झालेल्या माणसाला दारूचे खरे उत्तर देणे तुलनेने सोपे जाते. 'पिता का?' असे विचारले की 'नाही' हे उत्तर जिभेवर तयार असते. त्याऐवजी 'कामावरून दमून आल्यावर बरेच जण थोडी घेतात; तुमचे कसे असते?' असे विचारावे.

मग प्रमाण. रुग्ण मिलिलिटरमध्ये बोलत नाही, तो नाइंटी, क्वार्टर, हाफ, खंबा आणि ग्लास या मापांत बोलतो, आणि आपणही त्याच मापांत विचारले पाहिजे. संवाद बहुधा असा जातो:

'थोडीशीच घेतो, साहेब.'
'थोडी म्हणजे नाइंटी की क्वार्टर?'
'क्वार्टर.'
'संध्याकाळची. आणि सकाळी डोळे उघडल्यावर?'
रुग्ण जरा थांबतो. 'सकाळी नाइंटी लागते. नाहीतर हात चालत नाहीत.'
'बाजाराच्या दिवशी?'
'त्या दिवशी काही हिशेब नाही.'

तीन प्रश्नांत रोजचे प्रमाण, सकाळची गरज, कंप आणि आठवड्याची उसळी असे चारही धागे हाती आले. आता त्याचे ग्रॅम करावेत. बाटलीवरील टक्केवारी गुणिले मिलिलिटर म्हणजे शुद्ध अल्कोहोलचे मिलिलिटर, आणि त्याला ०.७८९ ने गुणले की ग्रॅम. आपल्याकडील व्हिस्की, रम यांवर सर्वसाधारणपणे ४२.८ टक्के छापलेले असते. त्यामुळे ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम, ९० मिलिलिटरच्या नाइंटीत ३० ग्रॅम आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत १० ग्रॅमचे एक प्रमाण-पेय धरले जाते. म्हणजे एक क्वार्टर सहा पेये. वरच्या संवादातील माणूस साध्या दिवशी नऊ पेये घेतो. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली चार पेयांची होते, त्यामुळे 'मी फक्त बिअर घेतो, तीही दोनच बाटल्या' या वाक्याने निर्धास्त होऊ नये. देशी दारूच्या बाटलीवरील टक्केवारी वाचून घ्यावी. हातभट्टीची आणि मोहाची ताकद भट्टीगणिक बदलते. तिथे ग्रॅमचा हट्ट सोडून किती ग्लास, किती वाजल्यापासून आणि दिवसाला किती रुपयांची, एवढे लिहावे.

हे गणित जमले की जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट ही चाचणी सोपी होते. तिचे पहिले तीन प्रश्न प्रमाणाचे, पुढचे तीन अवलंबित्वाचे आणि शेवटचे चार दुष्परिणामांचे असून एकूण गुण ० ते ४० असतात. ८ ते १५ गुण धोकादायक पिणे दाखवतात, १६ ते १९ मध्ये हानीची शक्यता मोठी असते, आणि २० किंवा अधिक गुणांवर अवलंबित्वासाठी सविस्तर तपासणी करावी लागते. तिसरा प्रश्न 'एका बैठकीत सहा किंवा अधिक पेये किती वेळा घेता' असा आहे. आपल्या रुग्णाला तो 'एका वेळी क्वार्टर किंवा त्याहून जास्त कितीदा होते?' असा विचारावा. रोज एक क्वार्टर घेणाऱ्याला पहिल्या प्रश्नाचे ४, दुसऱ्याचे २ आणि तिसऱ्याचे ४ असे १० गुण तीनच प्रश्नांत मिळतात, तोही 'मी लिमिटमध्येच घेतो' असे मनापासून मानत असतो.

चाचणीचा कागद रुग्णाच्या हाती देऊन 'भरून द्या' असे सांगणे मला पटत नाही. साक्षरतेची अडचण तर आहेच, पण प्रश्न विचारताना रुग्ण कुठे थबकतो, कुठे हसण्यावारी नेतो आणि कुठे आवाज उतरतो, ही माहिती कागदावर येत नाही.

दारूखेरीज आणखी काय

एकापेक्षा अधिक पदार्थांची छाननी करायची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचीच असिस्ट ही आठ प्रश्नांची चाचणी वापरावी. मात्र तिच्यातील वर्गवारी रुग्णाला पाठ नसते. आपल्या परिसरातील नावे आपल्याला ठाऊक असावी लागतात. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून विकले जाणारे अल्प्राझोलाम हे झोपेचे औषध. अनेक शहरांत कोडीनयुक्त खोकल्याचे औषध. रेल्वे फलाटावर राहणाऱ्या मुलांत हुंगायचे व्हाइटनर आणि सोल्युशन (चिकटवण्याचा द्रव). प्रत्येक पदार्थाबाबत प्रथम कधी, शेवटचे कधी, रोज किती, कोणत्या मार्गाने आणि पैसे कुठून हे पाच तपशील घ्यावेत. सुईने घेत असल्यास सुई कोणाबरोबर वाटून घेतली हे कोणताही सूर न लावता विचारावे, एचआयव्ही तसेच हिपॅटायटिस बी व सी यांच्या तपासण्या सुचवाव्यात, आणि नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) यंत्रणेतून चालणाऱ्या, अफूवर्गीय पदार्थाऐवजी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध देणाऱ्या उपचार केंद्राचा पत्ता आपल्या टेबलावर तयार ठेवावा.

ताडीविषयी एक सावधगिरी. 'ताडी म्हणजे रस, ती काय दारू आहे?' असे म्हणणारा रुग्ण खोटे बोलत नसतो, पण त्याला मिळणाऱ्या ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलाम मिसळलेले असू शकते. महाराष्ट्रात आणि शेजारच्या तेलंगणात अशी भेसळ वारंवार पकडली गेली आहे. ताडी दोन दिवस मिळाली नाही आणि माणसाला फिट आली किंवा भ्रम झाला, तर ते झोपेच्या औषधाच्या विरहाचे, म्हणजे सवयीचा पदार्थ अचानक बंद झाल्याने होणाऱ्या त्रासाचे, लक्षण समजून उपचार ठरवावेत.

वयस्कर रुग्णांना, विशेषतः आजींना, झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारायचे राहून जाते. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे तीच गोळी घेणारी व्यक्ती स्वतःला व्यसनी म्हणवून घेणार नाही, आणि तिने ती म्हणवून घ्यावी अशी अपेक्षाही नाही. पण ती गोळी अचानक थांबली तर फिट येऊ शकते, एवढे केसपेपरवर हवे.

श्रावणाचा प्रश्न

विरहाची लक्षणे आणि ताबा सुटणे या दोन्हींचा शोध घेण्यासाठी आपल्याकडे एक आयता प्रश्न आहे: 'श्रावण पाळता का?' महाराष्ट्रात पिणारे असंख्य पुरुष श्रावणात, नवरात्रात किंवा वारीच्या काळात दारू बंद ठेवतात. काही जण माळ घालून सोडतात. जो म्हणतो 'पाळतो, काही त्रास होत नाही', त्याचे शरीर बहुधा अजून अवलंबून नाही. 'पाळतो, पण पहिले चार दिवस अंथरुणाला खिळतो, हात थरथरतात, रात्री दचकून उठतो' असे म्हणणाऱ्याला शारीरिक अवलंबित्व आहे. आणि 'पूर्वी पाळायचो, आता दोन-तीन वर्षे जमत नाही' या उत्तरात आजाराची वाटचाल दिसते. आषाढ अमावास्येला काय आणि किती झाले हे विचारले की उसळीचे प्रमाणही कळते. महिनाभर बंद ठेवता येते, म्हणजे व्यसन नाही, असा पक्का समज बहुतेक घरांत असतो. तो वादाने खोडण्यापेक्षा श्रावण संपल्यावर पहिल्या आठवड्यात काय होते हे रुग्णालाच सांगू द्यावे.

मागच्या खेपेला थांबवली तेव्हा फिट आली होती का, भ्रम झाला होता का, दाखल व्हावे लागले होते का, हे स्वतंत्रपणे विचारावे. पूर्वी फिट किंवा डिलिरियम झालेला, यकृत खराब झालेला, ताप असलेला, डोक्याला मार लागलेला, वृद्ध, गरोदर, दारूबरोबर झोपेच्या गोळ्या घेणारा, किंवा घरी लक्ष द्यायला कोणी नसलेला रुग्ण घरच्या घरी दारू बंद करण्यास योग्य नाही. त्याला दाखल करावे. त्याला 'आजपासून एक थेंब नाही' असा सल्ला देऊन घरी पाठवणे धोक्याचे आहे. प्रत्येक खेपेचा विरह आधीच्यापेक्षा तीव्र होत जाण्याची प्रवृत्ती असते, म्हणून 'मागे काही झाले नव्हते' हा पूर्ण दिलासा नव्हे.

समोरच्या रुग्णाचा विरह मोजण्यासाठी सिवा ही दहा मुद्द्यांची, ६७ गुणांची मोजपट्टी वापरतात. ८ पेक्षा कमी गुण सौम्य विरहाचे असतात आणि १५ च्या वरचे गुण गंभीर वळणाची सूचना देतात. कंप पाहताना दोन्ही हात पुढे, बोटे फाकवून धरायला सांगावे. थंडीने किंवा भीतीने होणारा कंप बोलता बोलता कमी होतो. ही मोजपट्टी उत्तरे देऊ शकणाऱ्या रुग्णासाठीच आहे आणि नाडी व तापमान यांना ती पर्याय नाही.

अफूवर्गीय पदार्थांच्या विरहात, ज्याला मुंबईकडचे रुग्ण 'टर्की' म्हणतात, जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडे दुखणे, जुलाब आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या दिसतात. एरवी धडधाकट माणसाच्या जिवाला त्याने क्वचितच धोका होतो, पण यातना खऱ्या असतात. 'नाटक करतोय' असे म्हणून त्याला परत पाठवले, आणि काही दिवसांच्या खंडानंतर त्याने पूर्वीचाच डोस घेतला, तर सहनशक्ती उतरलेली असल्यामुळे तो डोस प्राणघातक ठरू शकतो.

शरीर आणि प्रयोगशाळा

डोळ्यांची कावीळ, लाल तळहात, छातीवरील कोळ्याच्या आकाराच्या रक्तवाहिन्या, पोटातले पाणी, पायांची बधिरता, कोपराच्या खळगीतील सुईच्या खुणा, तोंडाभोवतीचे सोल्युशनचे पुरळ ही यादी पुस्तकात असते, ती पाहावी. क्षयरोगाची औषधे चालू असलेल्या पिणाऱ्या रुग्णात यकृताकडे जास्त लक्ष द्यावे.

रक्ततपासण्यांवर मात्र निदान टांगू नये. यकृताच्या तपासणीतील जीजीटी वाढलेले असणे, एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून अधिक असणे आणि तांबड्या पेशींचा आकार वाढलेला असणे यांतून दारूचा संशय बळावतो, पण ही सर्व मूल्ये सामान्य असूनही माणूस अवलंबित असू शकतो. त्यांचा खरा उपयोग पुढच्या भेटीत होतो, जेव्हा उतरलेला आकडा रुग्णाला दाखवता येतो. लघवीच्या पट्टीबाबतही तसेच. रोज गांजा ओढणाऱ्याची चाचणी बंद केल्यानंतर काही आठवडे सकारात्मक राहू शकते. अफूसाठीच्या साध्या पट्टीवर ट्रामाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन दिसत नाहीत. आणि मेफेड्रोनसाठी साध्या किटवर भरवसा ठेवता येत नाही. चाचणी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने करावी. चोरून केलेल्या चाचणीचा निकाल हाती येतो आणि रुग्ण हातचा जातो.

नातेवाईक

आता बाहेर बसलेल्यांना आत घ्यावे, शक्यतो पत्नीला किंवा आईला एकटीला. तिच्याकडून प्रमाण, पैसे, कामावरचे खाडे आणि पहाटेची लक्षणे यांची पडताळणी होते. तिला घरात मारहाण होते का, मुले सुरक्षित आहेत का, हे नक्की विचारावे, आणि तिने सांगितलेले काहीही नवऱ्यासमोर तिच्या नावाने उच्चारू नये. संध्याकाळी तिला त्याच घरी जायचे असते. १८१ हा महिला मदत क्रमांक तिला तोंडी सांगावा.

आणखी एक प्रश्न फक्त तिलाच विचारण्याजोगा आहे: 'जेवणातून काही औषध देता का?' जाहिरातीतली 'दारू सोडवणारी पावडर' किंवा दुकानातून आणलेल्या डायसल्फिरामच्या गोळ्या भाजीत कालवून देण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. रुग्णाला न कळता डायसल्फिराम पोटात गेले आणि त्यावर दारू पडली, तर चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड इथपासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकते. असा प्रकार कळल्यास तिच्यावर आवाज न चढवता ते औषध थांबवायला सांगावे, कारण ती हतबल होऊन ते करत असते. 'याला जबरदस्तीने भरती करून घ्या' या मागणीवर कायद्याची चौकट समजावून सांगावी: निर्णयक्षम प्रौढाचा उपचार त्याच्या संमतीने होतो आणि संमतीविना दाखल करण्याच्या अटी कडक आहेत.

मनाची विचारपूस

आत्महत्येविषयी थेट विचारावे. 'जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावे असे मनात आले का? आधी कधी केले होते का?' विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. शेतकरी कुटुंबात त्यापुढचा प्रश्न असतो, फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे, आणि ते कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे देण्याची व्यवस्था त्याच भेटीत नातेवाइकांशी बोलून करावी.

उदासी आणि भास यांचे खाते वेगळे काढणे पहिल्या भेटीत बहुधा जमत नाही. एका कागदावर वर्षांची रेघ ओढून वर पिण्याचा आणि खाली मनाच्या त्रासाचा काळ मांडावा. उदासी पिण्याच्या आधीची असेल किंवा दारू थांबवून सुमारे चार आठवडे झाले तरी टिकली, तर तिचे स्वतंत्र निदान व उपचार लागतात. गांजा किंवा एमडीनंतर संशय व भास सुरू झालेल्या तरुणाला मात्र चार आठवडे थांबवू नये, लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे.

निदान आणि नोंद

आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे तीव्र ओढ, ताबा नसणे, विरहलक्षणे, वाढलेली सहनशक्ती, इतर आनंदांकडे व कामांकडे दुर्लक्ष, आणि हानी दिसूनही सेवन चालू ठेवणे या सहांपैकी तीन किंवा अधिक गोष्टी गेल्या वर्षभरात एकत्र दिसल्या तर अवलंबित्व म्हणतात. तेवढे नसून शरीराची किंवा मनाची हानी झाली असेल तर ते घातक सेवन. सांकेतिक नोंदीत दारूचे अवलंबित्व एफ १०.२ आणि घातक सेवन एफ १०.१ असे लिहिले जाते. संकेतांकापेक्षा महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक निकषापुढे रुग्णाचे स्वतःचे वाक्य लिहावे: 'ओढ: दुपारी चारनंतर शेतात लक्ष लागत नाही.' सहा महिन्यांनी दुसरा डॉक्टर हे वाचतो तेव्हा त्याला माणूस दिसतो. 'बेवडा', 'दारुडा' हे शब्द केसपेपरवर येऊ देऊ नयेत. वॉर्डात ते बोलले जातात हे ठाऊक असूनही.

रुग्णाला काय हवे आहे

आपण इतके विचारल्यावर एक प्रश्न त्याच्या बाजूने विचारावा. 'दारू कमी करणे किंवा सोडणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, शून्य ते दहामध्ये?' तो 'चार' म्हणाला तर 'दहा का नाही?' असे विचारू नये, त्यावर तो पिण्याची कारणे सांगू लागतो. 'चार का? दोन का नाही?' असे विचारावे. मग मुलीचे लग्न, गेलेली नोकरी, पहाटेची उलटी ही सोडण्याची कारणे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. ती त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावीत.

धोकादायक पण अवलंबित नसलेल्या रुग्णासाठी तज्ज्ञाची वाट पाहण्याची गरज नसते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगत या संस्थेने ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण असलेल्या पुरुषांवर केलेल्या चाचणीत, वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी घेतलेल्या थोड्या बैठकांचा उपयोग दिसून आला आहे. अवलंबित रुग्णाला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे, पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्राकडे, आणि तो तयार असेल तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या जवळच्या मराठी सभेकडे पाठवावे. चिठ्ठीवर शेवटच्या पेयाची वेळ, रोजचे ग्रॅम, पूर्वीची फिट आणि दिलेले थायमिन या चार गोष्टी ठळक असाव्यात. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे क्रमांक रुग्णाच्या मोबाइलमध्ये आपल्यासमोर जतन करून घ्यावेत.

पुढची तारीख, दारू थांबवणाऱ्यासाठी दोन-तीन दिवसांतली आणि इतरांसाठी आठवड्याच्या आतली, केसपेपरवर लिहावी, आणि त्या दिवशी तो आला नाही तर कोणत्या क्रमांकावर, कोणाला आणि काय सांगून फोन करायचा याची परवानगी रुग्णाकडून आजच घ्यावी. 'रुग्णालयातून बोलतोय' एवढेच सांगावे की कारणही सांगावे, हे त्याने ठरवायचे आहे.